हैबतीनं काढलेली हवा

घाटमाथ्यावरच्या एका थंड गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. नाव हैबती, पण कोंबडीसुद्धा त्याला भीत नसे. सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे आणि न सांगितलेलं कधी करत नसे. शब्द विसरायला नको म्हणून प्रत्येक हुकमाला तो पंच्याच्या टोकाला एक गाठ मारायचा. असा गडी पदरी असला तर शहाण्या माणसानं हुकूम जपून द्यावा की नाही? पण शहाणी माणसं हुकूम देतात अर्धा आणि शिव्या देतात पूर्ण.

हैबती सगुणाकाकूंच्या घरी कामाला होता. काकूंची लेक कुमुद तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. लेक आता सव्वा महिना माहेरी राहणार, यात विचारायचं काय? पण कुमुदची सासू आडवी आली.

"तुमच्या गावात भर उन्हाळ्यातही दात वाजतात," विहीणबाई म्हणाल्या. "मी स्वतः येऊन बाळाच्या खोलीत बसेन. अंगावरची शाल काढावीशी वाटली, तर नातू ठेवीन. नाहीतर उचलून थेट सांगलीला नेईन."

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवावी, तर डॉक्टरांनी धुराला बंदी केलेली. शेवटी काकूंच्या यजमानांनी, नानांनी, एका हॉटेलात पाहिलेली युक्ती केली. परसात बॉयलर, तिथून नळ्या आणि प्रत्येक खोलीत भिंतीला पत्र्याची एक चपटी पेटी. आत गरम पाणी फिरतं, पेटी तापते, खोली ऊबदार होते. तिला म्हणायचं रेडिएटर. गाव हसलं. "गाडीतला रेडिएटर घराला? नाना आता घर चालवत बाजाराला जाणार!"

मिस्त्री पेट्या लावून साताऱ्याला गेला, आणि पेट्या रुसल्या. पाव्हणे यायच्या दिवशी सकाळी शेवटच्या, बाळाच्या खोलीतली पेटी दगडासारखी गार.

"हैबती, बाळाच्या खोलीतला रेडिएटर गार पडलाय रे. बघ जरा त्याच्याकडं."

हैबतीनं बघितलं. खरंच गार होता बिचारा. त्यानं दोन गोधड्या आणून त्याला गुंडाळलं आणि वर नानांची कानटोपी घातली.

"अरे मेल्या!" काकू ओरडल्या. "पांघरूण घातल्यावर खोलीत ऊब येईल कशी? ऊब हवी तर पांघरूण काढायचं!"

"व्हय काकू." हैबतीनं पंच्याला गाठ मारली.

शेजारच्या खोलीत नाना पडसं झालं म्हणून जाड रग घेऊन झोपले होते. हैबतीनं आत हात घालून पाहिला. काय सुरेख ऊब! आणि एकटेच दाबून बसलेत! त्यानं रग ओढून काढला, खिडकीत नेऊन ठेवला आणि नानांसमोर हात शेकत बसला. ऊब काही आली नाही. शिंका आल्या.

काकूंनी मिस्त्रीला फोन लावला. फोनचा आवाज मोठा, हैबती शेजारी उभा.

"काकू, तुमचे जवळचे रेडिएटर सगळं ओढून घेतात," मिस्त्री म्हणाला. "शेवटच्याच्या वाट्याला काही उरत नाही. जवळच्यांना अर्धंच सोडा, म्हणजे लांबच्याला पोटभर मिळेल."

हैबतीनं बॉयलरजवळच्या पेट्यांच्या तोट्या अर्ध्या फिरवल्या. "आता कसं शहाण्यासारखं केलंस!" काकू म्हणाल्या. हेच चुकलं. मूर्खाला शिवी दिली तर तो एकदा चुकतो, शाबासकी दिली तर तो हुरूप येऊन चुकतो. हैबतीनं पंच्याला चांगली दुहेरी गाठ मारली.

दुपारी गाडी आली. विहीणबाई, कुमुद आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. काकूंनी तुकडा ओवाळून टाकला, बाळाला बघून डोळ्यांना पदर लावला. मग लेकीला तिचं पथ्याचं वाढून दिलं आणि पाव्हण्यांची पंगत मांडली. पुरणपोळीचा बेत. विहीणबाईंचा पाट स्वयंपाकघराच्या दाराशी, भोवती रांगोळी. नाना मध्ये. गाडीचा ड्रायव्हर लांब, ओटीच्या टोकाला. वाढायला हैबती.

विहीणबाईंच्या पानात अर्धी पोळी पडली. वर तुपाचा एक थेंब.

"अहो, गडी मोडून वाढतोय की काय!"

"तुम्ही जवळच्या, बाईसाहेब," हैबती नम्रपणे म्हणाला. "जवळच्यांना अर्धंच."

तिकडं ड्रायव्हरच्या पानात पोळ्यांचा डोंगर आणि तुपाचा ओढा. ड्रायव्हर कधी पोळीकडं बघतोय, कधी मालकिणीकडं. विहिणीचा पंगतीत अपमान! अशानं सोयरिका मोडतात. काकूंनी हैबतीला परसात ओढलं.

"अरे टोणग्या, वाढताना हात आखडायचा नसतो! समोरचा 'पुरे' म्हणेपर्यंत घालत राहायचं!"

"व्हय काकू." गाठ बसली.

जेवणं आटोपली, तरी बाळाची खोली गारच. पुन्हा फोन. मिस्त्री म्हणाला, "बॉयलरमध्ये पाणी कमी पडलं असेल. तोटी सोडून भरा."

काकू बाळाला घेऊन बसलेल्या. "हैबती, जा, बॉयलरला पाणी घाल."

हैबतीनं तोटी सोडली आणि 'पुरे' ऐकायला कान लावून उभा राहिला. बॉयलर गप्प. "अजून घेणार?" हैबतीनं विचारलं. बॉयलर घुमला. "लाजू नगा," हैबती म्हणाला. बॉयलरनं शिट्टी मारली. पण शिट्टी म्हणजे काही 'पुरे' नव्हे. शेवटी बॉयलरच्या बगलेतून कारंजं उडालं आणि परसात तळं साचलं. हात धुवायला तिथं आलेल्या विहीणबाईंची पावलं घोट्यापर्यंत भिजली. नानांनी धावत जाऊन तोटी बंद केली.

"शोभा झाली!" विहीणबाई म्हणाल्या. "पाय शेकते आणि बाळाला घेऊन निघतेच."

माजघरातली पेटी तेवढी तापलेली होती. विहीणबाईंनी खुर्ची तिथं ओढली, पावलं पेटीला टेकवली आणि शाल डोक्यावरून घट्ट ओढून घेतली.

काकू धावतच फोनकडं गेल्या. त्यांनी मिस्त्रीला शेवटचा फोन लावला. "बाबा रे, नातू चाललाय माझा! पेटी खाली कोमट लागते, वर गारच."

"मग तसं सांगा की! आत हवा अडकलीय. बाजूला एक बारीक खुट्टी असते. मी दिलेली किल्ली लावून हळूच पिळा. हवा निघेल, मग पाणी येईल. पाणी आलं की बंद. लगेच तापेल."

"ऐकलंस ना हैबती? वर गार आणि खाली गरम असेल, त्याची हवा काढ. मी तोवर कुमुदचं सामान बांधणं थोपवते."

हैबतीनं गाठ मारली, किल्ली घेतली आणि माजघरातून निघाला. वाटेत विहीणबाई.

"बाईसाहेब, पाय गरम झालं का?"

"पाय भाजतायत, पण डोकं बर्फ झालंय मेलं!"

हैबती थबकला. वर गार, खाली गरम. त्यानं बाजूला पाहिलं. शालीतून कान डोकावत होता आणि कानामागं कुडीचं मळसूत्र. खुट्टी होती खरी. पितळी नव्हती, सोन्याची होती, पण मोठ्या घरची म्हटल्यावर सोन्याचीच असायची. त्यानं किल्ली लावली आणि मिस्त्रीनं सांगितली तश्शी, हळूच, पिळली.

"अगं आई गंऽऽऽ!"

हवा निघाली. बरीच होती. मग विहीणबाईंच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. हैबतीनं ताबडतोब बंद केलं.

काकू, कुमुद, नाना, सगळे धावत आले. विहीणबाई लालबुंद. कानशिलं पेटलेली, कपाळावर घाम. त्यांनी शाल ओढून भिरकावली ती नानांच्या डोक्यावर.

काकूही काही कमी नव्हत्या. "विहीणबाई, शाल टाकलीत हं! आता नातू इथं राहणार."

"टाकली तर टाकली! हे माजघर आहे! अट बाळाच्या खोलीची होती! तिथं गारठाच आहे!"

हैबतीनं हळूच हात पुढं करून विहीणबाईंच्या कपाळाला लावला. वरपासून खालपर्यंत एकसारखं गरम. मिस्त्री खोटं बोलला नव्हता. आणि ऊब हवी होती ती बाळाच्या खोलीत. मग कुणी काही सांगायच्या आत त्यानं विहीणबाईंना खुर्चीसकट उचललं, बाळाच्या खोलीत नेलं आणि पाळण्याच्या शेजारी भिंतीला नीट लावून ठेवलं.

विहीणबाई बाळाच्या खोलीत, अंगावर शाल नाही आणि पदरानं वारा घेतायत. अट पुरी झाली. नातू राहिला. विहीणबाईही राहिल्या, कारण घरातून निघताना पुन्हा हैबतीच्या समोरून जायचं होतं.

इतक्यात फोन वाजला. सगळे गुंतलेले, म्हणून हैबतीनं घेतला.

"काय रे, झालं का गरम? की येऊ मी?"

"नगा येऊ, मिस्त्री," हैबती म्हणाला. "शेवटच्या खोलीत आमी दुसरा बसवलाय. वाईच वरडतोय, पर तापतोय झकास."