सातवी सुरी

काय म्हणाला तो? माडीवालीचा दोष? तिनं पाजली म्हणून गलबत बुडायला आलं? अरे, आणा त्याला इथं, बसवा समोर, मग सांगतो दोष कुणाचा ते! अर्धी गोष्ट ऐकायची नि पारावर बसून निकाल मात्र अख्खा द्यायचा, ही कुठली रीत? म्हणे खाडीकाठचे माड तोडून टाका. माडानं काय घोडं मारलंय याचं?

तो नाय ना आला? नसू दे. तुम्ही हाय ना. आज होड्या काठाला लागल्यात, संध्याकाळी सगळे माडाखाली बसणार, ठाऊक हाय. म्हणून आधी हे ऐका. पोरांनो पुढं सरका. म्हाताऱ्यांनो, टेका मागं.

समुद्रावर शीड नि वारा सोडून दुसरं कायच नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका राजाच्या मुलखात एक गलबत होतं. त्यावर एक म्हातारा तांडेल. तांडेल म्हणजे गलबतावरचा मोठा माणूस, त्याचा शब्द शेवटचा. त्याच्या हाताखाली सात खलाशी. त्या सातांतला एक सुकाण्या. सुकाणू धरायचं काम त्याचं. तांडेल त्याचा सख्खा मामा. आईबाप लहानपणीच गेले, मामानंच वाढवला, मामानंच हात धरून सुकाणू शिकवलं.

माणूस कामाला वाघ. पण डोकं गरम नि तोंड त्याहून मोठं. "मी दोन मडकी रिचवून सुकाणू धरलं तरी रेघ वाकडी जायची नाय," असं चारचौघांत सांगायचा. दोर बांधावा तर त्यानंच. त्याची एक गाठ होती, खेकडागाठ म्हणायचे तिला. जितकी ओढाल तितकी आवळणार. खेकड्यानं बोट धरावं तशी.

आता त्या गलबताचा रिवाज ऐका. चाळीस-चाळीस दिवस खारं पाणी बघितलेला खलाशी बंदराला लागला की सरळ माडाखाली जातो. मामा आड येत नव्हता. "प्या," म्हणायचा, "पण सहानं प्या. सातवा कोरडा." पाळी ठरलेली. ज्याची पाळी, त्याच्या मनगटाला तांडेल काथ्याची दोरी बांधायचा. त्या दिवशी त्या माणसानं थेंब घ्यायचा नाय. गलबतावर बसायचं, भरती-ओहोटी बघायची, पाण्याप्रमाणं दोर सैल करायचा नि आवळायचा.

बंदरावरच्या माडीवालीचाही एक रिवाज होता. तिच्या अंगणात शिरताना खलाशानं कमरेची सुरी काढून तिच्या हातात द्यायची. ती माडाच्या बुंध्याला खिळे ठोकून सुऱ्या टांगायची. उतरली की न्या. प्यालेल्याच्या हाती पातं नको, एवढंच तिचं म्हणणं. कोरड्याची सुरी मात्र कोरड्याच्या कमरेलाच. गलबतावर एक तरी पातं पाहिजे, नि तांडेल स्वतः सुरी बाळगत नव्हता.

एकदा गलबत त्या खाडीत शिरलं तेव्हा पाळी आली सुकाण्याची. नि नेमका मामा तापानं फणफणलेला. तळाशी मिठाच्या पोत्यांवर पडून होता. त्यानं पडल्या-पडल्या दोरी बांधली नि म्हणाला, "भाच्या, मला उठवत नाय. माझे डोळे आज तुझ्याकडं."

"झोप तू मामा. मी हाय."

गलबतावर एक कुऱ्हाड होती, तिचा दांडा मोडलेला. सहाजण जाताना ती सुताराकडं टाकायला घेऊन गेले. गलबतावर उरले दोघं. एक ताप, नि एक तहान.

दुपारपर्यंत ओहोटी लागली. खाडीचं पाणी उतरलं नि गलबत चिखलात बसलं. काठावरून हसण्याचा आवाज यायला लागला. सुकाण्या उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. शेवटी चिखल तुडवत गेलाच. दोरी कोपरापर्यंत सरकवली, वर बंडीची बाही ओढली.

सहाजणांनी बघितलं. एकानं हाळी दिली, "अरे कोरड्या! इकडं कुठं? भिजशील ना!"

"गप रे. गलबत चिखलात रुतलंय. पाय फुटलेत का त्याला, कुठं जाणार हाय ते?"

"पण मामा..."

"मामा झोपलाय. एक करवंटी घेतो नि जातो. तुझ्या बापाचं काय जातंय?"

हसले सगळे. सरकून जागा दिली. त्या सहातल्या एकानं जरी त्याला मानेला धरून परत पाठवला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण नाय.

माडीवाली म्हातारी आली. तिनं विचारलं, "आज कोरडा कोण रे तुमच्यात?"

"तो काय, गलबतावर बसलाय," सहाजण एका तोंडानं बोलले.

"मग हा?"

"हा आमच्यातलाच."

सुकाण्यानं मुकाट कमरेची सुरी काढली नि तिच्या हातात ठेवली. न देता बसू द्यायची नाय ती, नि दिली तर कोरडा नाय हे आपोआप ठरलं. आता सांगा, तिनं फसवलं का तिला फसवलं?

एका करवंटीच्या चार झाल्या. चारानंतर मोजायचं सोडून दिलं.

तरी पण, त्याचंही एक सांगायला पाहिजे. कामाचा माणूस होता, मनातून काम गेलं नव्हतं. मध्येच उठला. "दोर बघून येतो," म्हणाला नि झोकांड्या खात गलबताकडं निघाला.

इथं बघा काय झालं ते. दुसरा कुणी असता तर चिखलात तोंडावर पडून घोरला असता, नि तेच बरं झालं असतं. हा पडला खलाशी. पायाखाली हलायला लागलं की खलाशाला वाटतं वारा सुटला. भुई डोलत होती, माड डोलत होते, गलबत डोलत होतं. सुकाण्या ओरडला, "अरे, सुटलं! गलबत सुटलं!"

गलबत जागचं हललं नव्हतं. चिखलात म्हशीसारखं बसलेलं. हलत होता तो हा.

पण हात शिकलेले. डोकं झोपलं तरी हात झोपत नायत. गलबताच्या पुढच्या टोकापासून एक दोर खाली चिखलातल्या खुंटाला गेलेला. भरतीला गलबत वर उचलेल म्हणून तो चांगला ढिला सोडलेला असतो. यानं तो ढील सगळा ओढून घेतला. खुंटाच्या बुडाशी आवळला. वर खेकडागाठ मारली. तरी जग डोलतंच. म्हणून आणखी एक मारली. मग तिसरी.

"आता हल म्हणावं," म्हणाला. गलबतावर चढला, डोलकाठीला पाठ लावली नि झोपला. एवढं समाधान त्याला वर्षात झालं नव्हतं.

ऊन कललं. भरती लागली.

पाणी आलं. खुंट बुडाला, गाठी बुडाल्या. भिजलेला काथ्या फुगून दगड झाला. गलबताचं मागचं अंग उचललं, पुढचं टोक मात्र दोरानं खाली धरून ठेवलं. पाणी गलबताच्या कडेला लागलं. मग कडेवरून आत.

सुकाण्याला जाग आली ती कानात पाणी गेलं तेव्हा. खालून मामाचा आवाज येत होता. बारीक, तापानं फाटलेला. "भाच्या! पोती भिजली रे! भाच्या, दोर सोड!"

एका क्षणात सगळी उतरली. त्यानं खाली उडी टाकली, मामाला काखेत धरून वर ओढला, मागच्या उंच बाजूला टेकवला. मग पुढं धावला. दोर ताठ, तारेसारखा. वरची गाठही त्याचीच. बोटं घातली, नखं तुटली, गाठ हलेना. कमरेला हात गेला.

म्यान रिकामं.

तेव्हा त्याला सगळं आठवलं. मनगट, बाही, म्हातारी, सुरी. काठाकडं बघून ओरडला, पण काठावरचे सहाजण आडवे झालेले, एकाला ऐकू जाईना. मामाला घेऊन पोहावं तर भरतीची ओढ अशी की धडधाकट माणूस वाहून जाईल, तापातल्या म्हाताऱ्याचं काय? मग त्यानं दोराला दात लावले. खरंच लावले. काथ्या चावत होता नि रडत होता, "मामा, मी प्यालो. मामा, मी प्यालो."

मामा म्हणाला, "ते मागनं सांग. आधी चाव."

इकडं काठावर माडीवाली संध्याकाळची आवराआवर करत होती. माडाच्या बुंध्याकडं बघून सुऱ्या मोजायची तिची सवय. एक, दोन, तीन... सात. पुन्हा मोजल्या. सातच. गलबतावर खलाशी किती? सात. मग कोरड्याच्या कमरेला काय हाय?

खाडीकडं मान वळवली तर गलबत तोंड बुडवून पाणी पिणाऱ्या गुरासारखं दिसलं.

हाक मारण्यात वेळ घालवला नाय तिनं. हाताला लागली ती सुरी ओढली, होडगं पाण्यात लोटलं. सत्तर वर्षांची बाई, लुगड्याचा काचा मारून वल्हवत गेली. जवळ येताच ओरडली, "मेल्या! सात सुऱ्या हायत माझ्याकडं, सात! हात पुढं कर!"

सुकाण्यानं हात पुढं केला. बाही वर गेली नि कोपरावरची काथ्याची दोरी तिला दिसली. तिनं सुरी त्याच्या हातात दिली फक्त.

दोन वार. तिसऱ्याला दोर तुटला. गलबतानं एकदम डोकं वर काढलं, म्हशीनं डबक्यातून उठून अंग झाडावं तसं. पाणी दोन्ही बाजूंनी धबाधबा गळलं. गलबत हललं, डोललं, नि तरंगायला लागलं. या वेळी खरंच डोलत होतं.

सुकाण्या गुडघ्यावर बसला. मामाच्या छातीला कान लावला. धडधड चालू होती. तो मोठ्यानं हसला नि तसाच रडलाही. म्हातारी होडग्यातच बसून पदरानं तोंड पुसत होती. "जगलात रे बाबांनो," म्हणाली, "जगलात."

मामानं डोळे उघडले. म्हणाला, "ताप उतरला बघ. असली आंघोळ कुणी घालत नाय." तिघंही इतके हसले की काठावरचे सहाजण त्या आवाजानं उठले.

मीठ अर्धं विरघळून गेलं. जीव वाचले.

सकाळी मामानं निवाडा दिला. सहाजणांनी जागा दिली होती ना सरकून? मग दिवसभर पाणी उपसा. नि सुकाण्याला? मारलं नाय, शिवी दिली नाय. सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं नि मनगटाची दोरी सोडलीच नाय. "वर्षभर प्रत्येक बंदरात कोरडा तूच," म्हणाला. सुकाण्या हू की चू न करता कबूल झाला. उलट त्यानंच मामाला सांगितलं, "आणखी एक गाठ मार. खेकडागाठ."

त्या दिवसापासून म्हातारी सुरी घेण्याआधी खलाशाची बाही कोपराच्या वर सरकवून बघायची. माडी मात्र तिनं बंद केली नाय. ज्यांची पाळी नव्हती ते प्याले, पडले, गायले, नि सुखानं परत गेले.

सहाजण प्यायल्यानं गलबत बुडत नाय. ज्याच्या भरवशावर ते पितात, तो प्यायला की बुडतं.

झालं. आता माडांकडं कोयता घेऊन बघायचं बंद. आज पाळी कुणाची हाय? तोंडं काय बघता एकमेकांची? ज्याची असेल त्यानं बाही वर करायची नि हात पुढं द्यायचा.