वेणुकेचा कान

शुद्धलेखनाच्या चुका असतील तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. कथा मात्र मन लावून लिहिली आहे.

पूर्वी कदंबपूर नगरात वीरसोम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व अमात्याच्या कुळात जन्मले आणि मोठेपणी त्याच राजाचे अमात्य झाले. त्या जन्मी त्यांचे नाव विशाख होते.

नगराजवळ नदी नव्हती. दोन कोसांवरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापराच्या नळातून, जमिनीखालून, नगरातल्या मोठ्या हौदात येत असे. शत्रूला नळ सापडू नये म्हणून पूर्वजांनी तो पुरता पुरून टाकला होता. वाटेत कुठे झाकण नाही, कुठे खूण नाही. डोंगरापासून हौदापर्यंत तो सरळ रेषेत येतो, एवढेच लोकांना ठाऊक होते.

एका वर्षी हौदातली धार निम्म्यावर आली. झऱ्यावर जाऊन पाहिले, तर झरा होता तसाच भरून वाहत होता. म्हणजे नळ वाटेत कुठेतरी फुटला होता. जाणकार म्हणाले, "सगळी वाट उकरायची तर सहा महिने लागतील, आणि कुदळीने आणखी खापरे फुटतील ती वेगळीच."

तेव्हा महामात्य पिंगल राजाला म्हणाला, "महाराज, पाणी वाढत नसेल तर पिणारी तोंडे कमी करावी. ज्याच्या अंगी काही कला आहे त्याने राहावे. ज्याला काहीच येत नाही त्याने पौर्णिमेच्या आत अरण्यापलीकडच्या ओसाड वस्तीत जावे."

राजाला दुसरे काही सुचेना. त्याने मान हलवली आणि निवडीचे काम विशाखाकडे आले.

रीत अशी ठरली. प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाने दरबारात नगाऱ्यासमोर उभे राहायचे. नगाऱ्यावर तीन टोले पडेपर्यंत आपली कला आपल्याच तोंडाने सांगायची. सांगता आली तर ते घर राहील. नाही आली तर जाईल.

दोन दिवस विशाख यादी लिहीत राहिला. दब्ब नावाचा एक रिकामटेकडा 'नाकावर लिंबू तोलता येते' एवढे सांगून सुटला. उलट, अर्ध्या नगराची बाळंतपणे केलेली एक म्हातारी नगाऱ्याच्या आवाजाने अशी बावरली की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिचे नाव जाणाऱ्यांत लिहिताना विशाखाचा हात जड झाला. तरी त्याने लिहिले. नियम तसा होता.

तिसऱ्या दिवशी वेणुका नावाची एक बाई पुढे आली. नवरा वारलेला, घरात दोन लहान मुली आणि पायाने अधू झालेला सासरा. लोकांच्या घरचे दळणकांडण करून ती पोट भरत असे.

पहिला टोला पडला. वेणुका गप्प. दुसरा पडला.

"अगं, सांग की काहीतरी!" मागून तिची शेजारीण कंचना ओरडली. "भाकरी थापते म्हणावं!"

"त्या तर सगळ्याच थापतात," वेणुका पुटपुटली. लोक हसले. तेवढ्यात तिसरा टोला पडला.

"लिहा," पिंगल म्हणाला. "जाणारे घर."

वेणुकेने हात जोडले. "महाराज, मी जाईन. पण मामंजींच्यानं अरण्य ओलांडणं व्हायचं नाही. ते वाटेतच मरतील. त्यांना तेवढं ठेवून घ्या."

विशाखाने उचललेली लेखणी खाली ठेवली. "बाई, तुला काय येतं ते राहू दे. शेजारपाजारचे लोक तुला कशासाठी हाक मारतात?"

उत्तर कंचनेनेच दिले. "हिला कोण कशाला हाक मारतंय, अमात्यबाबा! हां, कुंभारवाड्यात मडकं घ्यायला जाताना तेवढी नेतो. टिचकी मारते नि सांगते, हे गळणार, हे टिकणार. माझा मेव्हणा कुंभार आहे. हिला लांबून बघितलं तरी दुकान झाकतो."

"कधी चुकली का?"

कंचना म्हणाली, "मीच एकदा चुकले. हिचं न ऐकता सुरेख रांजण आणला. तिसऱ्या दिवशी घरभर पाणी."

विशाखाने वेणुकेला विचारले, "हे तू कुणाकडे शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? ऐकू येतं ते सांगते." तिने खऱ्याखुऱ्या नवलाने त्याच्याकडे पाहिले. "तुम्हाला नाही का येत ऐकू?"

"नाही, बाई. मला नाही येत."

आणि त्या क्षणी विशाखाला आपली चूक कळली. जे कष्टाने मिळवले ते माणसाला आठवते. ते तो सांगू शकतो. जे उपजतच अंगी आहे त्याला तो कला म्हणतच नाही. सगळ्यांनाच ते येत असेल असे त्याला वाटते. अशा माणसाला 'तुला काय येते' असे विचारणे म्हणजे डोळ्याला 'तू कसा दिसतोस' असे विचारणे.

तो राजाकडे वळला. "महाराज, मडके खापराचे आणि नळही खापराचाच. या बाईला तीन दिवस द्या. ती फुटकी जागा ऐकून काढील."

"टोले पडले आहेत," पिंगल म्हणाला. "एकासाठी नियम मोडला की उद्या सगळे रडत येतील."

"मग त्या यादीत माझे घरही लिहा. जागा सापडली नाही तर मीही पौर्णिमेला निघेन."

"एका दळणाऱ्या बाईच्या कानावर तुम्ही अमात्यपद लावता?"

"एवढी घरे मी माझ्या हाताने लिहिली, महामात्य. त्यांतल्या किती जणांना मी चुकीचा प्रश्न विचारला, ते मला कळायलाच हवे."

राजाने तीन दिवस दिले.

वेणुकेने एक नवा घडा घेतला. दहा दहा पावलांवर तो जमिनीवर पालथा घालायचा, बुडाला कान लावायचा, उठायचे आणि पुढे जायचे. पहिल्या दिवशी अर्धे नगर मागे लागले. "काय म्हणते गं जमीन? भूक लागली म्हणते का?" दब्बाने विचारले आणि हशा पिकला. संध्याकाळी वेणुका रडवेली होऊन विशाखाला म्हणाली, "अमात्यबाबा, मला नुसते पाय ऐकू येतात. एवढ्या माणसांचे."

दुसऱ्या दिवशी विशाखाने लोकांना वेशीवर अडवले आणि स्वतः वहाणा काढून तिच्यामागे चालला. तो दिवसही असाच गेला. त्या संध्याकाळी विशाखाच्या बायकोने न विचारताच सामान बांधायला घेतले. त्याने तिला थांबवले नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन चढत असताना एका जुन्या पिंपळाच्या थोडे पुढे वेणुकेने घड्याला कान लावला, आणि ती उठलीच नाही.

"इथं पाणी नळातून जात नाही," ती म्हणाली. "मातीत पडतंय. बुडबुड करून."

छातीइतके खोल खणल्यावर चिखल लागला. चिखलाखाली नळ होता. पिंपळाचे मनगटाएवढे मूळ त्यात शिरले होते आणि फुटक्या खापरातून निम्मे पाणी जमीन पीत होती. विशाख खड्ड्याच्या काठावर मटकन बसला. तो हसत होता.

मूळ तोडले, नवे खापर बसवले. पण सांध्याचा चुना पाण्याने वाहून जाऊ लागला. दोनदा लावला, दोनदा गेला. तेव्हा वेणुका हळूच म्हणाली, "मामंजींना आणू का? तरुणपणी ते हौद बांधायचे."

म्हाताऱ्या तिंदुकाला डोलीतून आणले. "हात कापतात माझे," तो म्हणाला. "हातानं होत नाही ती कला कसली?" पण चुना पाहून त्याला राहवेना. त्याने चिमूटभर जिभेवर ठेवला आणि थुंकला. "कोणी कालवलाय हा? यात गूळ कुठाय? बेलफळाचा गर घाला. ताग बारीक कातरा, बारीक! दहा वर्षं गुरूच्या शिव्या खाल्ल्यात मी या सांध्यासाठी." तो सांगत गेला, गवंडी करीत गेले. सांधा बसला आणि टिकला.

सूर्य मावळायच्या आत हौदाच्या तोंडातून पूर्वीसारखी जाड धार कोसळू लागली. बायकांनी घागरी बाजूला ठेवल्या आणि आधी मुलांना तिच्याखाली उभे केले. राजाने यादी मागवून घेतली आणि सर्वांसमोर पाण्यात सोडली. कोणालाच कुठे जायचे नव्हते.

पिंगल खाली मान घालून म्हणाला, "अमात्य, मला लोक कशासाठी हाक मारत असतील?"

"पोरं झोपत नसली की!" कंचना म्हणाली. "महामात्य येतोय म्हटलं की गप्प निजतात." राजालाही हसू आवरेना, आणि शेवटी पिंगलही हसला.

पुढे विशाख स्वतः दारोदार फिरला आणि प्रत्येक घराबद्दल शेजारच्या घरी विचारू लागला. त्या नगरात 'मला काही येत नाही' म्हणणारा माणूस त्याला पुष्कळदा भेटला. ज्याला खरोखर काही येत नव्हते असा मात्र एकही भेटला नाही.

ही पूर्वजन्मीची हकिगत भिक्खूंना सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा महामात्य पिंगल म्हणजे आजचा भिक्खू सुदंत, जो आता आधी ऐकतो आणि मग बोलतो. म्हातारा तिंदुक हा विहाराच्या भिंती लिंपणारा वृद्ध उपासक. वेणुका ही, जिला गाथा पाठ होत नाहीत म्हणून तुम्ही सकाळी हसलात, ती उपासिका उत्पला. आणि अमात्य विशाख तो मीच." दुसऱ्याच्या अंगचे गुण त्याच्याही आधी ओळखणे आणि त्यासाठी आपले पद पणाला लावणे, ही त्या जन्मीची प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता होय.

कथा लिहून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्याआधी, मी लिंबाजीकाकांच्या घरी गेलो. गिलावा करायला मी त्यांच्याकडेच शिकलो. दारातच उभे राहून सांगितले की काका, तुमच्यासारखा सपाट गिलावा करणारा हात मी दुसरा पाहिला नाही. काकांनी खाटेवरचा टॉवेल उचलून मला जागा केली आणि आत काकूंना ओरडून चहा टाकायला सांगितला.