बिळातली जखम

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या.

फार पूर्वी एका रानातले प्राणी दर हंगामात औषधी पाल्याची एक जुडी वडाच्या सामाईक ढोलीत ठेवत, दुखल्याखुपल्याला मिळावी म्हणून. साळिंदराने एकही हंगाम चुकवला नव्हता. एकदा त्याच्या दोन पिल्लांपैकी एकाला बिळात विंचू चावला.

ढोली राखणारा वानर म्हणाला, "साळिंदरराव, पाला जमिनीवरच्या जखमांना आहे. बिळातली जखम नियमात बसत नाही."

"अहो, आम्ही राहतोच बिळात."

"मग नियम बदलू की. सभा बोलावतो."

सभेत मोर म्हणाला, "उद्या मासेही पाला मागतील." सगळे हसले. बोलणी संध्याकाळपर्यंत चालली आणि नियम तसाच राहिला. पिल्लू दुपारीच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळिंदराने नवी जुडी ढोलीत ठेवली आणि उरलेल्या पिल्लाला बिळाबाहेर उघड्यावर निजवलं. तिथे काही झालं तर पाला मिळणार होता.