न सोडलेलं लायसन्स

यंत्रं एकमेकांशी बोलत आणि माणसांना ते ऐकू येत नसे, तेव्हाची गोष्ट. हेमलताबाईंच्या टायपिंगच्या छोट्या ऑफिसात एक म्हातारा कॉम्प्युटर होता. लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच होतं, एका वेळी एकाच यंत्रावर चालणारं, आणि ते त्याच्याकडे होतं. मग बाईंनी नवा लॅपटॉप आणला.

"दादा, लायसन्स सोडा," लॅपटॉप म्हणाला. "तुम्ही सोडल्याशिवाय मला एक अक्षर लिहिता येत नाही."

"आणि सोडल्यावर मी कशाला उरू?" म्हातारा म्हणाला.

बाईंनी म्हाताऱ्यावर इंटरनेटवरून लायसन्स काढून घ्यायचं बटण दाबलं, तेव्हा त्याने पडद्यावर लिहिलं, 'अडचण आली आहे, नंतर प्रयत्न करा.' इतक्या वर्षांत तो बाईंशी कधी खोटं बोलला नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला. "दमलास रे," म्हणत पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. म्हातारा आतून हलला. उद्या देऊनच टाकू, असं त्याने ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी बाई गावाला गेल्या, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या भावाने म्हाताऱ्याला भंगारात दिलं. तिकडे बाई परतल्यावरही ऑफिसात लॅपटॉप मुकाच राहिला. आलेली गिऱ्हाइकं परत जाऊ लागली.

चालतो का ते पाहायला भंगारवाल्याने म्हाताऱ्याला वीज जोडली. पडदा उजळताच त्याने घाईघाईने लिहिलं, 'बाई, आता जमेल. बटण दाबा.'

इथे इंटरनेटची वायर नव्हती. बाईही नव्हत्या.

"चालतोय की," भंगारवाला म्हणाला आणि त्याने स्विच बंद केला.