ठकूची पेढी आणि महाराजांचं राज्य

"उद्या तुझ्या त्या पेढीला दरबारात घेऊन ये! तिनं मला मुजरा केला तर शिक्का देईन. नाहीतर तुझं घर जप्त!" भुजंगराव महाराज ठकू सुतारणीवर गरजले.

बिचारीनं मागितलं तरी काय होतं? ठकू झोपाळे बनवायची, एकटीच, स्वतःच्या नावावर. त्या राज्याचा कायदा असा, की कारागिराचं काम मोडलं की त्याचं घर गेलंच! महाराज देहानं चांगलेच भारदस्त, आणि झोके घ्यायची हौस दांडगी. त्यांनी नवा झोपाळा सांगितला आणि ठकूची झोपच उडाली. पण कायद्यानं वेगळी असामी मानली जाणारी पेढी काढली तर? मग झोपाळा मोडला तरी पेढीची लाकडं जातील, हत्यारं जातील, घर तेवढं राहील.

"एकटीचा तर कारभार, पेढी कशाला गं?" नवरा पिलाजी कुरकुरला. "दरसाल नजराणा भरायचा, गल्ला वेगळा ठेवायचा. त्यातून साधी बांगडी घेता येणार नाही तुला!"

"बांगड्या राहू देत. मला डोक्यावर छप्पर हवंय!" असं म्हणून ठकू पेढीच्या नोंदणीचा शिक्का मागायला गेली, आणि तिथं महाराज अडून बसले. पेढी म्हणे वेगळी असामी! मग दाखव की!

दुसऱ्या दिवशी ठकू दरबारात हजर, तीही रिकाम्या हातांनी. चेहऱ्यावर मात्र हसू.

"कुठाय पेढी?" महाराजांनी विचारलं.

"आलीय की, महाराज! नवी आहे ना, आपल्या राज्याला बघून लाजलीय. राज्याला जरा पुढं बोलवा, लगेच तिला त्याच्या पायावर घालते!"

दरबार खुसखुसला. महाराजांनी गादीवर थाप मारली. "हे काय, हेच राज्य!"

"या गादीचा कापूस दिवाळीत बदलला. तेव्हा राज्य बदललं?"

"छे! मग हा राजवाडा बघ!"

"याची भिंत मागं ढासळली होती. राज्य ढासळलं?"

"अगं बये, मी! मी म्हणजेच राज्य!" महाराज लालबुंद झाले.

ठकूनं पदर खोचला. याचीच तर ती वाट बघत होती! "मग परवा सोंगट्यांत आपण दिवाणजींशी सपाटून हरलात. आता राज्य दिवाणजींचं म्हणायचं!"

दिवाणजींनी हळूच उठून पगडी सारखी केली.

"बसा हो खाली!" महाराज किंचाळले. "हरलो तो मी! राज्याचा काय संबंध?"

"हेच, महाराज, हेच! हरलात आपण, राज्य वेगळं. ते ना दिसतं, ना मुजरा करतं, तरी आहेच. तसाच झोपाळा पेढीचा, घर ठकूचं!"

ठकूच्या डोळ्यांपुढं घराची कौलं उभी राहिली. आणि मग महाराजांना असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की ते गादीवरून घरंगळले आणि भालदारांनी धावत येऊन त्यांना सावरलं!

"शिक्का द्या हिला! आणि हे घे!" महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून पुढं केलं.

ठकू जागची हलली नाही. "घेते, महाराज. पण कडं मला, की पेढीला?"

"तुला गं, तुला!" महाराज पोट धरून ओरडले. "पेढीला झोपाळ्याचं काम! आणि सांग तिला, साखळ्या जाड लाव म्हणावं!"