मरळमावशी आणि गेलेलं पाणी

एका खाडीत एक बोय राहत असे. बोय म्हणजे रुपेरी अंगाची, सडपातळ मासळी, आणि उडी मारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आनंद झाला की उडी, भीती वाटली की उडी, आणि काहीच झाले नाही तर करमत नाही म्हणून उडी! त्या खाडीत एका बाजूने नदीचे गोडे पाणी यायचे आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचे खारे. त्यामुळे बोयकडे पाहुण्यांची सदा वर्दळ असे, आणि मुलांनो, तिला पाहुणे मनापासून आवडत.

त्या वर्षी श्रावणात तर खाडीत मजाच मजा चालली होती. होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या, जाळी माळ्यावर, मग भीती कोणाची? समुद्रातून बांगडे आले होते. ते सगळे एकदम वळत, एकदम थांबत आणि एकट्याने साधे "हो"सुद्धा म्हणत नसत. वाम आली होती, लांबलचक आणि बुळबुळीत. काम निघाले की ती "बघू हं" म्हणून निसटायची. शिंगाळादादाही आले होते. शिंगाळ्यांमध्ये अंडी बाप सांभाळतो, आणि तीही तोंडात! पिल्ले बाहेर पडून पोहायला लागेपर्यंत तो बिचारा काही खात नाही. बोलायचे तर नावच नको. दादा प्रत्येक गोष्टीला नुसते "हूं" म्हणत, त्यामुळे गप्पिष्ट मंडळींना ते फार आवडत.

आणि पुराबरोबर नदीकडून आली मरळमावशी. सापासारख्या डोक्याची ही मरळ साऱ्या जन्मात गावतळ्याबाहेर पडली नव्हती. आल्या आल्या ती म्हणाली, "पाण्यात मीठ जास्त पडलंय." पुढे ओहोटी लागून काठचा चिखल उघडा पडला, तशी ती ओरडली, "पाणी गेलं! अगं बायांनो, पाणी गेलं! चिखलात शिरा!" आणि स्वतः डोके खुपसून चिखलात घुसलीसुद्धा. थोड्या वेळाने भरती आली. मावशी माखलेले तोंड घेऊन बाहेर आली, तेव्हा सगळी खाडी पोट धरधरून हसली.

बोयने तिची समजूत घातली, "मावशी, आमच्याकडे गेलेलं पाणी परत येतं गं."

"आमच्याकडे गेलं की गेलं," मावशी फुरंगटून म्हणाली.

पौर्णिमेला मोठे उधाण आले. पाणी काठच्या मातीच्या बांधावरून पलीकडे गेले आणि तिथला खळगा भरून गेला. बोय म्हणाली, "दादा, इथे फार गोंगाट आहे. तुम्ही त्या खळग्यात निवांत पडा, पिल्लांना झोप लागेल." दादा "हूं" म्हणून गेले. ओहोटी लागली, बांध उघडा पडला आणि दादा पलीकडे अडकले. "काळजी नको, पाणी येईल!" बोयने उडी मारून सांगितले.

पाणी आले, पण बांधाच्या कडेपर्यंतच. दुसऱ्या दिवशी ते आणखी खाली थांबले. त्यात पावसाने उघडीप दिली आणि ऊन तापले. खळग्यातले पाणी आटत चालले, दादांची पाठ उघडी पडली. आता तुम्हाला सांगायला हवे, की पौर्णिमेचे उधाण सरले की भरती रोज थोडी थोडी बुटकी होत जाते. बोय जन्मभर भर पात्रात राहिलेली. तिथे पाणी न चुकता यायचे, त्यामुळे हे समजून घ्यायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती. ती आपली उड्या मारून सांगत होती, "येईल, दादा, येईल!" दादा मदत मागणार तरी कशी? तोंड उघडले तर पिल्ले त्या कढत चिखलात सांडली असती.

मरळमावशीने विचारले, "काल पाणी कुठवर आलं होतं?"

"बांधाच्या कडेला."

"आणि आज?"

"बरंच खाली आहे गं."

"मग बाई, हे तुमचं गेलेलं पाणी नव्हे. हे आमचं गेलेलं पाणी आहे."

या वेळी कोणी हसले नाही. बोय उड्या थांबवून मावशीजवळ आली. "मीच त्यांना तिकडे पाठवलं," ती म्हणाली.

"ते नंतर. आता कामाला लागा," मावशी म्हणाली. "ही भरती ओसरायच्या आत बांधाला भोक पडलं पाहिजे. मी आतून पोखरते. वामे, तू बाहेरून पोखर." वाम "बघू हं" म्हणायला गेली, पण मावशीच्या डोळ्यांकडे पाहून तिने मुकाट्याने चिखलात तोंड घातले. मावशी मात्र सरळ पाण्याबाहेर पडून बांधावरून पलीकडे खळग्यात निघाली! मरळीला वरची हवा ओढून घेता येते आणि ओल्या चिखलातून सरपटताही येते, हे खाडीला कुठे ठाऊक होते? बांगडे डोळे विस्फारून पाहत राहिले, अर्थात सगळे एकदम.

"मावशी, मी काय करू?" बोयने विचारले.

"तुला उड्या मारायची हौस ना? मग मार. आम्हां दोघींना चिखलात काही दिसत नाही. आमची तोंडं एकमेकींसमोर येतायत का, ते वरून सांग."

मग काय! बोयने अशा उड्या मारल्या की आजवरच्या उड्या त्यापुढे काहीच नव्हत्या. "वामे, डावीकडे! मावशी, थोडं खाली! आणखी! आता सरळ!" पाणी उतरू लागणार, एवढ्यात बांधाच्या पोटात मावशीचे आणि वामेचे नाक एकमेकांवर दाणकन आपटले. भोकातून पाणी आत घुसले, भोकाचे भगदाड झाले आणि खळगा भरला. शिंगाळादादा त्या भगदाडातून सुखरूप बाहेर आले.

खोल पाण्यात येऊन त्यांनी हळूच तोंड उघडले. इवल्या इवल्या मिशांची पिल्ले एकेक करून बाहेर पडली आणि मावशीभोवती नाचू लागली. एवढ्या दिवसांनी दादांना शब्द फुटला. "मावशी," ते म्हणाले आणि मिशा टेकवून त्यांनी तिला नमस्कार केला. मावशीने तोंड फिरवले, कारण तिचे डोळे भरून आले होते. मासे पाण्यात रडतात हे एक बरे असते, कोणाला कळत नाही.

इतक्यात बोय तिच्याजवळ येऊन बसली. "मावशी, तुमच्या तळ्यातलं पाणी जातं तेव्हा काय काय होतं? अगदी पहिल्यापासून सांग."

"हसणार नाहीस ना?"

"हसेन. पण आधी सगळं ऐकून घेईन."

बांगडे, वाम, शिंगाळादादा आणि त्यांची पिल्ले, सगळी मंडळी जवळ सरकली, आणि मरळमावशी सांगू लागली.

तात्पर्य : दुसऱ्याची भीती आपल्याला वेडगळ वाटली, तरी हसण्याआधी ती कुठून आली हे विचारावे. आपण न पाहिलेले संकट त्याने पाहिलेले असते, आणि त्यातून सुटायची वाटही.