टिचकीचं बाळ आणि गाडीआजीची बॅटरी

हुं म्हणा, म्हणजे सांगते.

एक टिचकी उंदरीण. बोटाएवढी. गेली दाणा आणायला. तुरूतुरू तुरूतुरू. परत येते तर काय! बिळाच्या तोंडावर गाडीचं चाक! आत बाळ रडतंय, ‘चीं चीं! आई गं, अंधार!’

‘गाडीआजी, गाडीआजी, सरक ना गं! बाळ सुटेना!’

गाडी म्हातारी. खोकली. खुर्र... खुर्र... फुस्स.

‘माझी बॅटरी मेली गं. नवी आण, मग सरकते.’

टिचकी दुकानात. तुरूतुरू तुरूतुरू. फळीवर तीन बॅटऱ्या.

‘बॅटरीताई, बॅटरीताई, चल ना गं! गाडी सरकेना, बाळ सुटेना!’

थोरली म्हणाली, ‘मी येते!’ मधली म्हणाली, ‘मीच येते!’

धाकटी म्हणाली, ‘थांबा गं! गाडी जुनी. तिचा बॅटरीचा खण केवढा? मिस्त्री मापेल, मग येऊ.’

टिचकी मिस्त्रीकडे. तुरूतुरू तुरूतुरू.

‘इस्माईलकाका, इस्माईलकाका, खण मापा ना! बॅटरी बसेना, गाडी सरकेना, बाळ सुटेना!’

‘मापतो की गं पोरी! पण माझी सुतळी कुठाय? सुतळी येईल, मग मापतो.’

टिचकी सुतळीकडे. तुरूतुरू तुरूतुरू.

‘सुतळीबाई, सुतळीबाई, ये ना गं! मिस्त्री मापेना, बॅटरी बसेना, गाडी सरकेना, बाळ सुटेना!’

‘शूऽऽ! मी मनीच्या पंजात. मनी सोडेल, मग येते.’

मनी! मांजर!

टिचकी दोन पावलं मागे. पण तिकडून बाळाचा आवाज. बारीक, बारीक. ‘चीं...’

टिचकी लांबूनच म्हणाली, ‘मनीमावशी, मनीमावशी, सोड ना गं! सुतळी येईना, मिस्त्री मापेना, बॅटरी बसेना, गाडी सरकेना, बाळ सुटेना!’

मनी गुरगुरली, ‘मला काय त्याचं? गाडीचं बॉनेट गार पडलंय. त्यावर झोपच येत नाही. मग सुतळीशी खेळू नको, तर काय तुझ्याशी खेळू?’

‘अगं मावशी! गाडी चालली, की बॉनेट गरम!’

मनीने कान टवकारले. ‘गरम?’ पंजा उचलला.

मनीने सोडलं, सुतळी आली. मिस्त्रीने खण मापला. सुतळीला मापाची गाठ मारली. थोरलीला लावून बघितली. मावेना! मधलीला लावली. मावेना! धाकटीला लावली. बरोब्बर! लाल तार इकडे, काळी तार तिकडे. धाकटी बसली, खट्ट!

खुर्र... खुर्र... टिचकीने डोळे गच्च मिटले.

भुर्र्र्र्र!

गाडी सरकली. बिळातून आधी मिशा, मग नाक, मग अख्खं बाळ! टिचकीने त्याला पोटाशी धरलं.

आणि मनी? गरम बॉनेटवर. घुर्र... घुर्र...

टिचकी बाळाच्या कानात म्हणाली, ‘चल सोन्या. पाय वाजवू नकोस.’

तुरू... तुरू...

तुम्हीसुद्धा हळू बोला हं. मनी उठेल.